मेंदूची खडबडीत रेघ

मी शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. पुण्यात राहते आणि बरीच वर्षं मेंदूविकारतज्ज्ञांच्या सोबतीने ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विद्युत संकेतांच्या, आलेखांवर गणित करते. डॉक्टर त्या आलेखात टोकदार लाटा बघतात, मंदावलेला ताल बघतात, डाव्या-उजव्या बाजूंतला फरक बघतात. माझं लक्ष असतं ते या खुणांच्या मधल्या लांबलचक पट्ट्यावर. तिथे नजरेला धरायला काही नसतं, नुसती वेडीवाकडी रेघ पुढे सरकत असते. ती रेघ किती खडबडीत आहे, जवळून बघा की लांबून, तिचा स्वभाव तोच राहतो का, आणि आजारात तो कुठे मोडतो, हे मोजण्याच्या पद्धतींना फ्रॅक्टल विश्लेषण म्हणतात.

या कामाने मला जे शिकवलं ते इथे मांडते आहे. हा विषय शिकू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी मांडते आहे, आणि ज्यांच्या घरात कुणाला आकडी येते किंवा कुणाची स्मृती चालली आहे त्यांच्यासाठीही. मेंदूचा आजार संगणकाने ओळखल्याच्या बातम्या अशा घरांतून फार आशेने वाचल्या जातात. त्या आशेला खरा आधार किती, हे त्यांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

१. लांबी विचारण्याआधी मापपट्टी विचारा

भारताच्या किनाऱ्याची लांबी आम्ही शाळेत ७,५१६ किलोमीटर अशी पाठ केली होती. अलीकडे सरकारी अहवालात ती ११,०९८ किलोमीटर झाली. समुद्र तोच आणि जमीनही तीच, नकाशा मात्र जास्त बारकाईचा घेतला. जुन्या ढोबळ नकाशावर ज्या खाड्या, नदीमुखं आणि वळणं एका सरळ रेषेत बुजून गेली होती, ती या वेळी मोजणीत आली.

१९६७ साली बेन्वा मांडेलब्रो यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हाच प्रश्न विचारला होता. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी जमवलेल्या मोजण्या त्यांनी आधाराला घेतल्या. मापपट्टी लहान करत गेलं की लांबी वाढत जाते, पण ती एका ठरावीक दराने वाढते, आणि त्या दरावरून किनाऱ्याची फ्रॅक्टल मिती काढता येते. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यासाठी ती १.२५ आली आणि दक्षिण आफ्रिकेच्या गुळगुळीत किनाऱ्यासाठी १.०२. गुळगुळीत रेषेची मिती १ असते. रेघ जितकी खडबडीत, तितकी ती २ कडे सरकते.

मेंदूच्या रेघेला हेच लावायची एक सोपी पद्धत तोमोयुकी हिगुची यांनी १९८८ साली दिली. आलेखाचा प्रत्येक बिंदू घेऊन रेघेची लांबी मोजायची. मग एक सोडून एक बिंदू घ्यायचा, मग दोन सोडून, तीन सोडून, असं करत प्रत्येक वेळी लांबी काढायची. दोन्ही अक्षांवर लॉग घेऊन हे बिंदू मांडले की ते साधारण एका रेषेत येतात. त्या रेषेचा उतार म्हणजे हिगुची मिती. कॉलेजातला कुणीही मुलगा दुपारभरात हा प्रोग्राम लिहू शकतो, आणि त्यामुळेच जपून राहावं लागतं. सेकंदाला किती नमुने घेतले, किती बिंदू सोडत गेलात, वरच्या वारंवारता कुठे कापल्या, यांतलं काहीही बदललं तर त्याच माणसाचा त्याच क्षणाचा आकडा बदलतो. म्हणून ‘या रुग्णाची फ्रॅक्टल मिती इतकी आहे’ असं कुणी सांगितलं की मी आधी मापपट्टी विचारते. ती कळली नाही तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

२. गणिताची प्रत टेक्निशियनच्या हातात असते

संशोधनाच्या लेखात ईईजी घेण्याला दोन ओळी मिळतात. या कामात उतरणाऱ्या प्रत्येकाने काही दिवस ईईजीच्या खोलीत बसावं, असं मी आग्रहाने सांगते.

टेक्निशियन ताई आधी मोजपट्टी काढतात. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर मोजतात, त्याच्या १० आणि २० टक्क्यांवर रंगीत पेन्सिलीने खुणा करतात. कानाच्या पुढून दुसऱ्या कानापर्यंत पुन्हा तसंच. प्रत्येक खुणेवर केस बाजूला सारून कणीदार जेलने त्वचा घासायची, पेस्ट भरलेली छोटी चकती बसवायची आणि यंत्रावर त्या जागेचा विद्युत अडथळा बघायचा. तो ५ किलोओहमच्या खाली आला की पुढची चकती. आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका, असं चिठ्ठीवर लिहून दिलेलं असतं. तरी एखाद्या आजी डोक्याला खोबरेल थापून येतात, कारण दवाखान्यात जायचं तर नीट वेणी घालून जायचं ही त्यांची रीत. मग ताई न रागावता कापूस आणि स्पिरिट घेऊन एकेक जागा पुसत बसतात.

अशाच एका आजींच्या वेळी कानशिलाजवळच्या वाहिनीवर रेघ दाट काळी झाली होती. ताईंनी पडद्यावरून नजर न काढता सांगितलं, “आजी, दातांवर दात दाबू नका.”

“अगं, मी कुठे दाबतेय?”

“जरा तोंड उघडं ठेवा बघू. जीभ सैल सोडा.”

आजींनी ओठ विलग केले आणि काही क्षणांत रेघ निवळली. डोक्याच्या कातडीवर मेंदूचा संकेत जेमतेम दोन आकडी मायक्रोव्होल्टचा असतो. जबड्याचा स्नायू आवळला की त्याचा संकेत याच्या कितीतरी पट वर जातो, आणि तो जवळजवळ निव्वळ गोंगाटासारखा असल्यामुळे हिगुची मिती २ कडे ओढतो. पापणी मिटते तेव्हा कपाळाजवळच्या वाहिन्यांवर मोठी संथ लाट येते, ती आकडा खाली ओढते. आता समजा, घाबरलेले रुग्ण एका गटात आहेत आणि आरामात बसलेले विद्यार्थी दुसऱ्या गटात. दोन गटांच्या आकड्यांत फरक निघेल, संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो उतरेलही, आणि तो मेंदूंचा नसून जबड्यांचा असेल. ही शंका दूर करायला प्रोग्राम आहेत, मीही ते वापरते. पण आजींचं तोंड त्या क्षणी सैल करणाऱ्या ताईंची बरोबरी त्यांतल्या कुठल्याच प्रोग्रामला येत नाही.

भिंतीतल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा गुणगुणाटही असतोच. तो गाळण्यासाठी लावलेली प्रत्येक गाळणी रेघ थोडी गुळगुळीत करते, म्हणजे मिती बदलते. गाळण्या आधी ठरवायच्या आणि सगळ्यांना त्याच लावायच्या.

३. डोळे उघडे होते की मिटलेले, हे लिहून ठेवा

हान्स बर्गर यांनी जर्मनीतल्या येना इथे १९२४ साली माणसाचा पहिला ईईजी घेतला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ वेळा येणारी अल्फा लय उमटते, उघडले की ती विरते, हे त्यांनीच दाखवलं. लय उमटली की रेघ नियमित होते आणि मिती उतरते. डुलकी लागली की पुन्हा बदलते. गाढ झोपेत मोठ्या संथ लाटांमुळे ती बरीच खाली जाते, स्वप्नांच्या झोपेत जागेपणाच्या जवळ येते, भुलीच्या औषधाखाली परत घसरते. आदल्या रात्री घेतलेली झोपेची गोळीही आलेखात दिसते. अवस्था न नोंदवलेल्या रेकॉर्डिंगमधून आजार शोधायला बसलात, तर सापडेल ती झोप.

४. रेघेला आठवण असते, आणि ती मोजता येते

या विषयात मला सगळ्यात जास्त ओढ लावणारी गोष्ट ही. तिची सुरुवात मेंदूपासून फार दूर झाली.

हॅरल्ड हर्स्ट हे ब्रिटिश जलतज्ज्ञ १९०६ मध्ये इजिप्तला गेले आणि त्यांचं आयुष्य नाईलच्या पाण्याचा हिशेब करण्यात गेलं. धरण किती मोठं बांधायचं, हा त्यांचा प्रश्न. दर वर्षीचं पाणी आधीच्या वर्षाशी संबंध नसल्यासारखं कमीजास्त होत असतं, तर उत्तर सोपं होतं. पण नाईलच्या जुन्या नोंदींत सुकाळाची वर्षं सुकाळाला धरून येत होती आणि दुष्काळाची दुष्काळाला. संबंध नसलेल्या आकड्यांसाठी जो घातांक ०.५ यायला हवा, तो नाईलसाठी आणि इतर बऱ्याच नैसर्गिक नोंदींसाठी सरासरी ०.७३ च्या आसपास आला. १९५१ साली त्यांनी हे मांडलं. आज तो हर्स्ट घातांक म्हणून ओळखला जातो.

मेंदूसाठी याचं जे रूप आम्ही जास्त वापरतो ते १९९४ मधलं. चुंग-कांग पेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएच्या अक्षरमालेचा अभ्यास करताना ते बसवलं. त्याचं छोटं नाव डीएफए. आलेखाची सलग बेरीज करत जायची, तिचे लहानमोठे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातला सरळ कल काढून टाकायचा आणि उरलेला चढउतार तुकड्याच्या लांबीबरोबर कसा वाढतो ते बघायचं. घातांक ०.५ आला तर आठवण नाही. १ च्या जवळ आला तर खूप लांबवरची आठवण. १.५ आला तर प्रत्येक पाऊल आधीच्या पावलावर नुसतं चढवलेलं.

२००१ मध्ये क्लाउस लिंकेनकेअर-हान्सन आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या अल्फा लाटांची उंची घेऊन हे मोजलं. उंची कमीजास्त होत राहते, आणि ते कमीजास्त होणं हजारो आवर्तनांपर्यंत एकमेकांशी जोडलेलं निघालं. म्हणजे आत्ताच्या क्षणी ही लय किती जोरात आहे, यावर मिनिटापूर्वीच्या क्षणाची छाया असते. त्याआधी या चढउतारांकडे सरासरी काढून फेकून द्यायचा कचरा म्हणून बघितलं जाई.

मी स्वतः हे पहिल्यांदा पडद्यावर काढलं तेव्हा एक खेळ करून बघितला, तो आता प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेते. लाटांच्या उंचीची मालिका घ्यायची, घातांक काढायचा. मग तेच आकडे पत्त्यांसारखे पिसायचे आणि पुन्हा घातांक काढायचा. सरासरी तीच, विखुरणं तेच, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा तोच. पण घातांक कोसळून ०.५ वर येतो. मेंदूने जे सांभाळलं होतं ते क्रमात होतं. मुलं हे बघून गप्प होतात आणि मग खरे प्रश्न विचारायला लागतात.

५. जास्त आठवण म्हणजे चांगला मेंदू, असं नाही

हा गैरसमज सुशिक्षितांतही आहे. ‘निरोगी शरीर गुंतागुंतीचं, आजारी शरीर साधं’ हे वाक्य १९९० च्या दशकात फार गाजलं आणि त्यात बरंच तथ्यही आहे. हृदयाच्या ठोक्यांत, चालीच्या लयीत ते दिसलं. हंटिंग्टन आजारात एका पावलापासून पुढच्या पावलापर्यंतच्या वेळांमधली ही लांबवरची आठवण विस्कटते, हे जेफ्री हाउसडॉर्फ यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं.

मेंदूत मात्र एकच दिशा नाही. २००५ सालच्या एका अभ्यासात नैराश्याच्या बहुतेक रुग्णांत थीटा, म्हणजे अल्फाहून संथ, लाटांची लांबवरची आठवण आढळली नाही. २००९ मध्ये अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या मेंदूच्या पार्श्व भागात अल्फा लाटांची आठवण कमी झालेली दिसली. या दोन्हींत घसरण आहे. पण २००७ मध्ये शस्त्रक्रियेआधी मेंदूच्या पृष्ठभागावर थेट इलेक्ट्रोड ठेवलेल्या अपस्माराच्या रुग्णांचा अभ्यास झाला, आणि जिथून झटका सुरू होतो त्या जागेजवळ ही आठवण उलट वाढलेली सापडली. तीही झटका नसताना, शांत काळात.

थांबून विचार करण्यासारखी गोष्ट आहे ही. ज्या ऊतीत झटका जन्म घेतो ती मधल्या शांत वेळेतही आपल्या आधीच्या अवस्थेला चिकटून राहते, तिथून लवकर सुटत नाही. अल्झायमरमध्ये जोडण्या झडत जातात, म्हणून काही क्षणांपूर्वीच्या अवस्थेचा धागाच तुटतो. निरोगी मेंदू या दोहोंच्या मध्ये कुठेतरी काम करतो. तो फार बांधलेला नसतो, फार सुटाही नसतो. जॉन बेग्ज आणि डिटमार प्लेन्झ यांनी २००३ मध्ये उंदराच्या मेंदूच्या कापांत पेशींच्या हालचालीच्या लहानमोठ्या लोंढ्यांचं जे गणित मांडलं, तेही याच मधल्या जागेकडे बोट दाखवतं. म्हणून ‘आकडा वाढला की सुधारणा’ असा सरसकट नियम कुणी सांगू लागलं, तर कुठला आजार, मेंदूचा कुठला भाग, कुठली लय, हे विचारल्याशिवाय मी मान डोलवत नाही.

६. सरळ रेषा दिसली की कसोटी लावायची

लॉग-लॉग आलेखावर जवळजवळ काहीही सरळ दिसतं. हे या क्षेत्राने महागात शिकलेलं आहे.

१९८० च्या दशकात केऑस सिद्धांताची मोठी लाट आली होती. ब्रुसेल्सला ॲग्नेसा बाब्लोयांट्झ आणि आलँ देस्तेक्स यांनी १९८६ मध्ये अपस्माराच्या झटक्याच्या एका आलेखाची मिती (हिगुची मितीहून वेगळ्या प्रकारची) सुमारे २ काढली. म्हणजे मेंदूच्या अब्जावधी पेशी त्या क्षणी मोजक्या समीकरणांनी चालल्यासारख्या वागत होत्या. केवढी मोठी कल्पना! जगभर लोक झोपेची, विचारांची, प्रत्येक अवस्थेची मिती काढू लागले. मग १९८९ मध्ये ऑस्बोर्न आणि प्रोव्हेन्झाले यांनी दाखवलं की विशिष्ट प्रकारचा निव्वळ यादृच्छिक गोंगाट घेतला तरी त्याच रीतीने लहान, नीटस मिती निघते. जेम्स थायलर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये कसोटी दिली. मूळ आलेखातल्या सगळ्या वारंवारतांचं बळ तसंच ठेवायचं, पण त्यांचा एकमेकींशी असलेला मेळ मोडायचा आणि असे अनेक नकली आलेख तयार करायचे. मूळ आलेखाचा आकडा या नकली आलेखांपेक्षा वेगळा आला तरच काही नवं सापडलं असं म्हणायचं. जुने ईईजी या कसोटीवर परत तपासले गेले तेव्हा बरेचसे दावे टिकले नाहीत.

मला त्या काळातल्या संशोधकांबद्दल आदरच वाटतो. त्यांनी धाडसाने प्रश्न विचारला म्हणून पुढच्यांना कसोटी सुचली. आज ही कसोटी न लावता लिहिणाऱ्यांना मात्र तशी सबब नाही.

याच कसोटीतून एक बारकावा हाती लागतो. कच्च्या ईईजीचा डीएफए घातांक बहुतांशी त्याच्या वारंवारतांच्या वाटणीतूनच ठरतो, म्हणून नकली आलेखातही तो तसाच राहतो. त्यातून नेहमीच्या स्पेक्ट्रमपेक्षा वेगळं फारसं कळत नाही. लाटांच्या उंचीतली आठवण मात्र नकली आलेखात टिकत नाही. म्हणून तिच्यावर वेळ घालवणं मला जास्त मोलाचं वाटतं.

७. नव्व्याण्णव टक्क्यांच्या आत जाऊन बघा

जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाने २००१ मध्ये ईईजीचा एक संच अभ्यासकांना खुला केला. त्यात पाच गट आहेत, प्रत्येकात १०० तुकडे, आणि प्रत्येक तुकडा २३.६ सेकंदांचा. तो मोफत आहे, स्वच्छ आहे, आणि त्यावर किती प्रबंध झाले याला गणती नाही. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांचाही तो आवडता. फ्रॅक्टल मिती काढा, वर्गीकरणाचा प्रोग्राम चालवा, निरोगी विरुद्ध झटका, अचूकता ९९ टक्के.

मुलं हा निकाल घेऊन येतात तेव्हा मी त्यांना संचाचं वर्णन मोठ्याने वाचायला सांगते. पहिले दोन गट निरोगी माणसांचे, आणि ते कातडीवरच्या इलेक्ट्रोडने घेतलेले. उरलेले तीन रुग्णांचे, आणि ते कवटीच्या आतल्या इलेक्ट्रोडने. कवटी आणि कातडी मधे आली की संकेत दबतो, त्याचे बारीक कंगोरे बोथट होतात, स्नायूंचा गोंगाट मिसळतो. म्हणजे निरोगी आणि झटका यांतला फरक शोधताना प्रोग्राम कवटीच्या आत आणि बाहेर यांतला फरकही शिकतो. शिवाय १०० तुकडे मोजक्या पाचच माणसांचे. शिकवायला वापरलेले आणि परीक्षेला ठेवलेले तुकडे एकाच माणसाचे निघाले, तर प्रोग्राम आजाराऐवजी माणूस ओळखायला शिकतो. हा संच वाईट नाही. ज्यांनी तो दिला त्यांनी ही सगळी माहिती स्पष्ट लिहून दिली आहे. ती वाचायची असते.

अजून एक. डीएफएमध्ये सगळ्यात मोठा तुकडा रेकॉर्डिंगच्या दहाव्या हिश्शाहून मोठा घेऊ नये असा रिवाज आहे. २३.६ सेकंदांच्या नोंदीतून फार तर २.३६ सेकंदांपर्यंतची आठवण कळेल. १०० सेकंदांच्या आठवणीबद्दल बोलायचं तर १,००० सेकंदांची सलग आणि स्वच्छ नोंद हवी. नेहमीच्या ईईजीची वेळ साधारण २० ते ३० मिनिटं. तेवढ्यात डोळे उघडा-मिटा, दिव्याचे झोत, जोरात श्वास हे सगळं बसवायचं असतं, त्यामुळे एका अवस्थेची सलग सतरा मिनिटं क्वचितच मिळतात. संशोधनासाठी वेगळा वेळ मागून घ्यावा लागतो, आणि तो रुग्णाच्या मर्जीने.

८. डोळ्याला दिसतं तिथे गणिताची गरज नाही

एक शाळकरी मुलगा आला होता. बाईंची तक्रार अशी की तो शिकवताना मध्येच टक लावून बसतो, हाक मारली तरी ऐकत नाही, लक्ष नसतं. घरी त्याबद्दल मारही खाऊन झाला होता. ताईंनी त्याच्या हातात कागदाचं भिरभिरं दिलं आणि ते फिरतं ठेवायला सांगितलं. जोरात श्वास घ्यायला लावण्याची ही मुलांसाठीची युक्ती. तिसरं मिनिट संपता संपता भिरभिरं थांबलं. मुलगा समोर बघत राहिला, आणि पडद्यावर सगळ्या वाहिन्यांत एकाच वेळी सेकंदाला तीन या ठेक्याने टोक आणि लाट, टोक आणि लाट अशी रांग उमटली. काही सेकंदांत ती थांबली आणि भिरभिरं परत फिरू लागलं. आपण थांबलो होतो हे त्याला ठाऊकच नव्हतं.

माझ्या प्रोग्रामने त्या सेकंदांत हिगुची मिती खाली गेल्याचं नीट दाखवलं. पण ते सांगायला माझी गरज नव्हती. डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं, आणि आईला समजावलं की हा हट्टीपणा नाही, अपस्माराचाच एक प्रकार आहे आणि याला औषध आहे. आई मुलाला जवळ घेऊन रडली. त्या दिवसापासून मी माझं काम कुठे लावायचं याबद्दल पक्की झाले. अनुभवी डोळा जिथे थकतो तिथे ते लावायचं. रात्रभराच्या रेकॉर्डिंगमध्ये, जिथे हजारो पानं बघायची असतात. झटका न येता गेलेल्या तासांमध्ये. वर्षावर्षाने हळू बदलणाऱ्या आलेखांमध्ये.

९. मेंदूच्या घड्यांचं मोजमाप वेगळं

एमआरआयच्या चित्रांवरूनही फ्रॅक्टल मिती काढतात. मेंदूचं वरचं आवरण घड्या घालून बसवलेलं आहे, त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग खाचांत लपलेला असतो. चित्रावर लहानमोठ्या चौकटींची जाळी टाकून किती चौकटी भरतात ते मोजलं की २ आणि ३ च्या मधली मिती मिळते. वयाबरोबर आणि अल्झायमरमध्ये ती घटते. हा आकडा रचनेचा, मघाचे आकडे हालचालीचे. नाव एकच असल्यामुळे दोन्ही एका तक्त्यात शेजारी मांडलेले मी बघितलेत. तसं करू नये.

१०. माणसाची तुलना त्याच माणसाशी

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांच्यातल्या आणि निरोगी माणसांच्या फ्रॅक्टल आकड्यांचे दोन डोंगर काढले तर ते एकमेकांवर बरेच चढलेले दिसतात. कवटीची जाडी, वय, औषधं, झोप, सगळ्यांमुळे माणसामाणसांत फरक पडतो. म्हणून गटांची सरासरी वेगळी असली तरी समोर बसलेल्या एका माणसाचा एक आकडा घेऊन त्याचा आजार सांगता येत नाही. असा एकच आकडा देऊन निदान विकणारं यंत्र किंवा ॲप कुणी दाखवलं तर त्यावर पैसे घालू नका, हे मी नातेवाइकांना स्पष्ट सांगते.

तोच माणूस, तीच वेळ, तेच डोळे मिटलेले, तीच गाळणी, असं ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं तर मात्र चित्र वेगळं होतं. माणसामाणसांतला फरक गळून पडतो आणि उरतो तो त्याच्यातला बदल. औषध बदलल्यावर, शस्त्रक्रियेनंतर, स्मृती ढासळत असताना काय हललं, याबद्दल डॉक्टरांना आणखी एक साक्ष मिळते. माझी सगळी आशा या बाजूला आहे.

त्यासाठी घरच्यांनी करण्यासारखं बरंच आहे. ईईजीच्या अहवालाचा कागद बहुतेक जण जपून ठेवतात, पण मोजता येतो तो मूळ डिजिटल आलेख. तो ईडीएफ नावाच्या खुल्या प्रकारात देता येतो. तपासणीनंतर तो पेनड्राइव्हवर मागून घ्या, पुढच्या वेळी सोबत न्या. पाकिटावर तारीख, वेळ, आदल्या रात्री किती झोप झाली, त्या दिवशी सकाळी कुठल्या गोळ्या किती वाजता घेतल्या आणि शेवटची आकडी केव्हा आली होती, एवढं लिहून ठेवा. आकडी घरी आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर लगेच दवाखाना गाठा. ती किती मिनिटं चालली हेही त्याच पाकिटावर लिहा.